वाळूवर उभं राहिलेलं जंगल: के'गरी बेटाचा भूगोल

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या आग्नेय किनाऱ्यालगत के'गरी नावाचं लांबुळकं बेट आहे. जुन्या नकाशांत ते फ्रेझर आयलंड म्हणून सापडेल. जून २०२३ मध्ये बुचुला या तिथल्या मूळ समाजाने बेटाला दिलेलं के'गरी हे नाव अधिकृतपणे परत आलं. (‘के’ मूक, उच्चार ‘गरी’च्या जवळचा.) लांबी १२२ किलोमीटर, जिथे सर्वांत रुंद आहे तिथे २५ किलोमीटरच्या आसपास, क्षेत्रफळ सुमारे १,६५० चौरस किलोमीटर. जगातलं सर्वांत मोठं वाळूचं बेट हेच, आणि १९९२ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

वाळूचं बेट म्हटलं की उघडीबोडकी पट्टी डोळ्यांपुढे येते. इथे मात्र वाळूच्या टेकड्या समुद्रसपाटीपासून २४० मीटरपर्यंत चढतात. त्यांच्या मधल्या खोलगटांत पन्नास-पन्नास मीटर उंचीच्या झाडांचं वर्षावन आहे. समुद्रापेक्षा शंभर मीटर उंचीवर गोड्या पाण्याची तळी आहेत. हे सगळं ज्या वाळूवर आहे ती जवळजवळ निव्वळ क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचं खनिज. क्वार्ट्झमध्ये झाडाला खायला काही नसतं आणि वाळूत पाणी ठरत नाही, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मग झाडं काय खातात, आणि तळी का झिरपून जात नाहीत?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर वाळूच्या वयात आहे. या बेटाचा भूगोल समजून घ्यायचा तर उंचीच्या नकाशाइतकाच वयाचा नकाशा लागतो.

वाळू आली कुठून

बहुतेक वाळू दक्षिणेकडून आली, न्यू साउथ वेल्स राज्याच्या किनाऱ्यावरून. तिथल्या नद्यांनी डोंगर झिजवून समुद्रात आणून टाकलेली वाळू लाटा उत्तरेकडे ढकलत नेतात. लाटा आग्नेयेकडून, म्हणजे किनाऱ्याला तिरप्या येतात. पुळणीवर चढताना पाणी तिरपं चढतं, उतरताना मात्र उताराच्या दिशेने सरळ खाली येतं. प्रत्येक लाटेबरोबर वाळूचा कण थोडा वर, थोडा उत्तरेला आणि पुन्हा खाली असा सरकतो. एका लाटेचा हिशोब काहीच नाही, पण वर्षभराचा मोठा आहे. गोल्ड कोस्टच्या किनाऱ्यावरून दर वर्षी साधारण पाच लाख घनमीटर वाळू अशी उत्तरेकडे जाते. तीही निव्वळ लाटांच्या जोरावर. यात नद्यांच्या प्रवाहाचा भाग नाही.

के'गरीच्या ईशान्य बाजूला इंडियन हेड, मिडल रॉक्स आणि वॉडी पॉइंट अशी ज्वालामुखीजन्य खडकांची टोकं आहेत. बेटावर उघडा खडक दिसतो तो जवळपास एवढाच. या खडकांनी वाहत आलेली वाळू अडवून धरली आणि तिच्यामागे ढीग साठत गेला. हे केव्हा सुरू झालं याचं उत्तर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून मिळालं: १२ लाख ते ७ लाख वर्षांपूर्वीच्या काळात. वाळूचं वय मोजायची रीत मजेदार आहे. वाळूचा कण उन्हात असला की त्याच्यात साठलेली ऊर्जा रिकामी होते. तो गाडला गेला की आजूबाजूच्या क्षीण किरणोत्सर्गामुळे ऊर्जा पुन्हा साठू लागते. खोलवरचा नमुना अंधारात काढायचा, प्रयोगशाळेत त्यावर प्रकाश टाकून साठा मोजायचा, आणि त्या कणाने शेवटचं ऊन केव्हा पाहिलं ते सांगायचं. नमुना काढताना क्षणभर जरी उजेड लागला तरी तो फुकट जातो.

मधल्या काळात समुद्राची पातळी अनेकदा वर-खाली झाली. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होता आणि किनारा खूप पूर्वेला सरकलेला होता. पाणी खाली-वर होताना उथळ तळावरची वाळू मोकळी व्हायची, वारा ती उचलून आत फेकायचा. म्हणून इथे एकच टेकड्यांची रांग नाही. जुन्या रांगेवर नवी रांग चढलेली, तिच्यावर आणखी नवी, अशा आठपर्यंत पिढ्या एकमेकींवर आहेत.

बेटाच्या उत्तर टोकापासून ब्रेकसी स्पिट नावाचा पाण्याखालचा वाळूचा दांडा साधारण ३० किलोमीटर पुढे जातो. तिथे खंडाचा उथळ तळ संपतो आणि वाळू खोल समुद्रात घरंगळते. त्यामुळे बेटाच्या उत्तरेचं पाणी वाळूपासून मोकळं राहतं. प्रवाळाला गढूळ, वाळूभरलं पाणी मानवत नाही. के'गरीने वाळूची वाट बाहेरच्या बाजूला वळवली म्हणून उत्तरेला ग्रेट बॅरियर रीफ वाढू शकली, असं २०२२ च्या त्याच संशोधनाने मांडलं. ग्रेट बॅरियर रीफचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. तिच्या दक्षिणेला वाळू अडवून बसलेल्या या बेटाचं नावही बहुतेकांना माहीत नसतं.

टेकडी कशी चालते

उपग्रहाचं चित्र उघडून बेटाकडे पाहिलं तर इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या असंख्य खुणा दिसतात. सगळ्यांची उघडी बाजू आग्नेयेकडे आणि गोल बाजू वायव्येकडे. वारा कुठून वाहतो हे इथे जमिनीवरच लिहिलेलं आहे.

किनाऱ्याजवळच्या झाडीत कुठेतरी भगदाड पडतं. वादळाने, आगीने किंवा माणसांच्या पायवाटेने. तिथली वाळू उघडी पडली की वारा ती खणून पुढच्या बाजूला टाकतो. कडेच्या वाळूला झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेलं असतं, म्हणून कडा मागे राहतात आणि मधला भाग पुढे सरकतो. यू तयार होतो. पुढच्या तोंडाला वाळू सुमारे ३० ते ३४ अंशांच्या उताराने घसरत जाते. त्यापेक्षा तीव्र उतार कोरडी वाळू धरतच नाही. तोंडासमोर जे येईल ते गाडलं जातं, उभी झाडंसुद्धा.

काही काळाने मागच्या, खणल्या गेलेल्या खोलगटात ओलावा दिसू लागतो, बी रुजतं, आणि टेकडी थांबते. बेटावर आजही चालत्या वाळूचे असे उघडे पट्टे आहेत. त्यांना तिथे सँडब्लो म्हणतात. त्यातला हॅमरस्टोन सँडब्लो वाबी तळ्यावर चालून आलेला आहे आणि त्याला एका बाजूने गिळतो आहे.

पाणी का टिकतं

बेटावर वर्षाला सुमारे १,२०० ते १,८०० मिलिमीटर पाऊस पडतो. किनाऱ्यावर कमी, मधल्या उंच भागात जास्त. वाळू इतकी सच्छिद्र की पाणी वाहून जायला वेळच मिळत नाही. जिथे पडलं तिथेच मुरतं. म्हणून एवढ्या पावसाच्या मानाने पृष्ठभागावर ओढे फार कमी आहेत.

मुरलेलं पाणी खाली जाऊन समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं. गोडं पाणी हलकं, खारं जड. गोड्या पाण्याची घनता १.००० धरली तर समुद्राच्या पाण्याची साधारण १.०२५. या जेमतेम अडीच टक्क्यांच्या फरकातून एक फार उपयोगी हिशोब निघतो. १ भागिले ०.०२५ म्हणजे ४०. भूजलाची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर वर असेल तर गोडं पाणी समुद्रपातळीच्या खाली सुमारे ४० मीटरपर्यंत पसरलेलं असतं. ५ मीटर वर असेल तर हिशोबाने २०० मीटर, अर्थात खाली वाळू तेवढी खोल असेल तर. खडक लागला की गोड्या पाण्याचा साठा तिथेच संपतो. हा नियम डच अभियंता गायबेन आणि जर्मन अभियंता हर्ट्झबर्ग यांच्या नावाने ओळखला जातो. बेटाच्या मधोमध जाड आणि किनाऱ्याकडे पातळ होत जाणाऱ्या या साठ्याला गोड्या पाण्याचं भिंग म्हणतात. प्रत्यक्षात गोड्या-खाऱ्याची सीमा रेघेसारखी नसते, मध्ये मचूळ पाण्याचा थर असतो. पण ढोबळ अंदाजाला चाळीसपटीचा नियम पुरतो.

याची उलटी बाजू लक्षात ठेवायला हवी. विहिरीतून उपसा करून पातळी १ मीटर खाली नेली तर तळाची खारी सीमा त्या जागी ४० मीटर वर येऊ पाहते. विहीर वरून भरलेली दिसते आणि एक दिवस पाणी खारट लागतं. कुठल्याही वालुकामय बेटावर किंवा किनाऱ्यावर विहीर खणताना हीच चूक होते: खोल जावं तेवढं पाणी चांगलं, असं समजून. इथे उथळ, पसरट आणि बेटाच्या मध्याकडे सरकलेली विहीर टिकते, खोल विहीर खारी होते.

भिंगाची कड जिथे पुळणीवर उघडी पडते तिथे ओढे बाहेर येतात. पूर्व किनाऱ्यावर ईलाय ओढा सर्वांत मोठा. दिवसाला सुमारे ८ कोटी लिटर पाणी समुद्रात सोडतो असं सांगतात. आकडा प्रचंड वाटतो, म्हणून ताडून पाहू. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर. सरासरी १,५०० मिलिमीटर धरले तर १,६५० चौरस किलोमीटरवर वर्षाला सुमारे अडीच लाख कोटी लिटर पाणी पडतं. ईलायचं वर्षाचं पाणी होतं २,९०० कोटी लिटरच्या आसपास, म्हणजे एकूण पावसाच्या सव्वा टक्क्याहूनही कमी. उरलेलं पाणी झाडं वापरतात, वाफ होऊन उडतं, किंवा समुद्राच्या तळातून गुपचूप झिरपतं. हे ओढे कोरड्या महिन्यांतही फारसे कमी होत नाहीत, कारण त्यात वाहणारं पाणी आजच्या पावसाचं नसून जुन्या साठ्याचं असतं.

मध्य भागातला वांगूल्बा ओढा जवळून पाहण्यासारखा आहे. तळाला पांढरीशुभ्र वाळू, एकही दगड नाही, म्हणून पाणी आपटत नाही आणि आवाज होत नाही. वर्षावनाच्या सावलीत पाणी इतकं नितळ की पान तरंगत जाताना दिसलं तरच कळतं, इथे प्रवाह आहे. काठावर किंग फर्न म्हणून ओळखलं जाणारं अँजिओप्टेरिस वाढतं. त्याचं एकेक पान कित्येक मीटर लांब. ते ताठ राहतं ते पेशींत भरलेल्या पाण्याच्या दाबामुळे. ज्या झाडाला सतत, न चुकता पाणी लागतं ते वाळूवर वाढतं आहे, यावरून खालचा साठा किती भरवशाचा आहे ते कळावं.

अधांतरी तळी

भूजलाची पातळी खाली आणि तळं मात्र टेकडीच्या माथ्याजवळ, असं कसं? यासाठी वाळूत एक न झिरपणारा थर लागतो. खोलगटात पानं, साली, काटक्या साचून कुजतात. त्यातून निघालेला बारीक, चिकट सेंद्रिय माल पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरतो आणि काही खोलीवर वाळूच्या कणांमध्ये अडकून बसतो. गाळणीच्या तळाशी चोथा बसावा तसा. शेकडो-हजारो वर्षांनी त्याचा तपकिरी, घट्ट थर बनतो. रंगामुळे त्याला कॉफी रॉक म्हणतात, पण तो खरा खडक नाही. ओला असताना नखाने खरवडता येतो. एवढा थर पाणी धरून ठेवायला पुरेसा होतो. जगातल्या अशा अधांतरी तळ्यांपैकी निम्मी या एका बेटावर आहेत, असं युनेस्को नोंदवतं.

बूमांजिन हे त्यातलं सर्वांत मोठं, सुमारे २०० हेक्टरचं. त्याचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, कारण त्याला मिळणारे ओढे दलदलीतल्या झुडपांमधून टॅनिन, म्हणजे चहात असतं तसं तुरट द्रव्य, घेऊन येतात. मॅकेन्झी तळं (मूळ नाव बूरांगूरा) सुमारे १५० हेक्टरचं आणि समुद्रापासून १०० मीटर उंचीवर. त्यात ओढा येतच नाही, फक्त पाऊस. म्हणून ते पारदर्शक. दोन्ही पाणी आम्लधर्मी आणि पोषणद्रव्यांच्या बाबतीत जवळजवळ रिकामं; त्यामुळे शेवाळं माजत नाही आणि माशांच्याही थोड्याच जाती तग धरतात.

सगळीच तळी अधांतरी नाहीत. काही ठिकाणी खोलगटाचा तळ भूजलाच्या पातळीखाली गेलेला असतो. तिथे जमिनीला पडलेल्या खिडकीतून भिंगच दिसतं. वाबी तिसऱ्या प्रकारचं: चालत्या टेकडीने ओढ्याची वाट अडवली आणि मागे पाणी तुंबलं. सुमारे ११-१२ मीटर खोलीचं हे बेटावरचं सर्वांत खोल तळं आहे.

पूर्वेकडून पश्चिमेकडे: कोवळ्या वाळूकडून म्हाताऱ्या वाळूकडे

बेट आडवं ओलांडलं की वाळूचं वय वाढत जातं. हे तंतोतंत सरळ रेषेत होत नाही, पण ढोबळमानाने खरं आहे. त्या वयाप्रमाणे झाडं बदलतात.

पूर्वेच्या पुळणीवर, भरतीच्या रेषेच्या जरा वर, स्पिनिफेक्स गवत आणि मर्यादवेल. कोकणच्या किनाऱ्यावर जांभळ्या फुलांची जी वेल वाळू पकडून ठेवते, तीच जात. खारा फवारा, भाजणारं ऊन आणि वाळूत गाडलं जाणं, तिन्ही सहन करायची हिची तयारी. गाडली गेली की वरच्या पेरातून पुन्हा मुळं आणि कोंब. हिच्यामागे सुरू आणि केवडा. सुरूच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात. उपाशी वाळूत पहिलं खत असं येतं. बाकीचं पोषण समुद्राच्या फवाऱ्यातून, पावसातून आणि दूरवरून आलेल्या धुळीतून. थेंब-थेंब, पण लाखो वर्षं.

कोवळ्या वाळूजवळ आणखी एक भांडवल असतं. कणांवर लोह आणि अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचा पातळ मुलामा असतो, त्यामुळे ती पिवळसर दिसते. फॉस्फरससारखी द्रव्यं या मुलाम्याला चिकटून राहतात. झाडांची मुळं आणि त्यांच्याशी भागीदारी करणाऱ्या बुरश्या ती सोडवून घेतात. बुरशीचे तंतू मुळांपेक्षा कितीतरी बारीक, म्हणून ते कणाकणाशी पोचतात. बदल्यात झाड त्यांना साखर देतं. बँक्सियाची झाडं आणखी एक युक्ती करतात: दाट झुपक्यांची मुळं काढून त्यांतून आम्ल सोडतात आणि फॉस्फरस मोकळा करतात.

आणखी आत गेलं की निलगिरीच्या जातीची झाडं, मग ब्लॅकबट या निलगिरीचे उंच बुंधे, आणि टेकड्यांच्या मधल्या, वाऱ्यापासून झाकलेल्या दऱ्यांत वर्षावन. सॅटिने, ब्रश बॉक्स, कौरी पाइन, खाली पिकाबीन पाम. मध्य भागातच वर्षावन का? चार गोष्टी तिथे एकत्र येतात: वाळू पुरेशी जुनी, म्हणजे सेंद्रिय माल साचलेला, पाऊस जास्त, खारा फवारा पोचत नाही, आणि दरीमुळे आग सहसा आत शिरत नाही. यातली एक जरी कमी पडली तरी निलगिरी जिंकते.

याच्या पुढचा भाग बहुतेक माहितीपत्रकांत सापडत नाही. जंगल हा शेवटचा टप्पा नाही. जमीन जितकी जुनी तितकी समृद्ध, हा समज इथे उलटा पडतो. पानांच्या कुजण्यातून निघणारी आम्लं पावसाबरोबर खाली जाताना कणांवरचा मुलामा धुऊन नेतात. वरची वाळू पांढरी पडते आणि धुतलेला माल खाली तपकिरी थरात जाऊन बसतो. कोवळ्या टेकडीत हा पांढरा पट्टा फूटभर-दोन फुटांचा, पण सर्वांत जुन्या टेकड्यांत तो १० मीटरहून खोल, काही ठिकाणी २० मीटरच्याही पुढे जातो. समोरच्या मुख्य भूमीवरचा कूलूला भाग याच वाळूचा. तिथे सीएसआयआरओ या सरकारी संस्थेच्या थॉम्पसन यांच्यासारख्या मृदाशास्त्रज्ञांनी हे थर वयाप्रमाणे मोजून दाखवले. पोषण झाडाच्या मुळांच्या आवाक्याबाहेर गेलं की झाडं खुजी होऊ लागतात. म्हणून पश्चिमेच्या जुन्या वाळूवर पुन्हा विरळ जंगल आणि गुडघ्या-कमरेएवढं झुडूपरान दिसतं. त्याला तिथे वॉलम म्हणतात. रान जळलं किंवा तोडलं म्हणून ते असं झालेलं नाही. वाळू थकली म्हणून झालं. फुलांच्या जातींची विविधता मात्र या उपाशी रानात भरपूर असते.

पश्चिम किनाऱ्याचं चित्रच वेगळं. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामधली ग्रेट सँडी स्ट्रेट ही सामुद्रधुनी दक्षिण टोकाशी एखाद-दीड किलोमीटरच रुंद. भरती दोन्ही तोंडांनी आत येते आणि मध्ये कुठेतरी दोन्ही पाणी भेटतं. तिथे प्रवाह मंदावतो, गाळ बसतो, आणि कांदळवन व चिखलाचे सपाट पट्टे तयार होतात. डुगाँग (समुद्री गाय), कासवं, हजारो किलोमीटर उडून येणारे पाणपक्षी यांचं हे खाद्यक्षेत्र. १९९९ पासून ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. त्याच बाजूला पाणथळ पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) जमिनीवर नागमोडी पट्टे आणि डबकी असलेली दलदल आहे. ती १९९६ मध्ये ब्रिस्बेनला रामसर परिषदेसाठी आलेल्या तज्ज्ञांच्या विमानातून ध्यानात आली. अशी रचना सहसा थंड प्रदेशात आढळते.

बिघडतं कुठे

या बेटावर पोषणाचा साठा मातीत नाही, झाडांत आणि पालापाचोळ्यात आहे. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप कळतं. १८६० च्या दशकात सुरू झालेली लाकूडतोड १९९१ मध्ये थांबली. सॅटिनेचं लाकूड समुद्रातल्या किड्यांना दाद देत नाही म्हणून बंदरांच्या बांधकामाला मागणी होती. प्रत्येक ओंडक्याबरोबर हजारो वर्षांत जमवलेला फॉस्फरस बेटाबाहेर गेला. तो भरून यायला फवारा आणि धूळ यांखेरीज वाट नाही. रुटाइल, झिरकॉन अशा जड खनिजांसाठी झालेलं वाळू-उत्खनन १९७६ अखेर निर्यात परवाना नाकारल्यावर बंद झालं. खनिजं काढून घेतलेली वाळू परत टाकता येते, पण थर परत टाकता येत नाहीत. वरची पांढरी, खालची तपकिरी, मधली घट्ट, सगळी एकजीव होऊन पडते, आणि पाणी धरणारा थर गेला तो गेलाच.

आग हा सध्याचा मोठा धोका. ऑक्टोबर २०२० मध्ये बेकायदा पेटवलेल्या शेकोटीतून लागलेला वणवा दोन महिने धुमसला आणि जवळपास निम्मं बेट जळलं. निलगिरी आणि वॉलम यांना आग नवी नाही. बुचुला लोक थंड, ओलसर दिवसांत लहान-लहान जाळ करून पाचोळा कमी ठेवायचे. तसे जाळ वर्षानुवर्षं थांबले की पाचोळा साचतो आणि दुष्काळात आग वर्षावनाच्या कडेपर्यंत जाते. तीव्र आगीनंतर राखेतलं पोषण पहिल्या मुसळधार पावसात वाळूतून थेट खाली उतरतं.

पर्यटकांकडून होणारं नुकसान बारीक पण रोजचं. मॅकेन्झीसारख्या तळ्यात पाणी येतं पावसाने आणि जातं बहुतेक वाफेने. वाहून न्यायला ओढाच नाही. अंगावरचं सनस्क्रीन, साबण, लघवी, जे पडेल ते तिथेच राहतं, आणि रिकाम्या पाण्यात थोडंसं खतही शेवाळाला पुरतं. पोहण्याआधी क्रीम पुसून टाकायचं, भांडी आणि अंग तळ्यापासून निदान ५० मीटर दूर धुवायचं. वाबीच्या वाळूच्या उतारावरून पळत येऊन पाण्यात सूर मारणाऱ्यांच्या मानेला आणि मणक्याला गंभीर दुखापती झालेल्या आहेत. वाळूचा उतार पाण्याखाली कुठवर गेला आहे ते वरून दिसत नाही, आणि तो सरकत असतो.

बेटावर डांबरी रस्ते जवळपास नाहीत. पूर्वेची पुळणच हमरस्ता आहे आणि चारही चाकं ओढणारी गाडी व परवाना लागतो. भरती-ओहोटीचं कोष्टक आधी पाहायचं. पूर्ण भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास पुळणीवर गाडी घालायची नाही. ओहोटीला ओली वाळू टणक असते, कारण कणांमधल्या पाण्याच्या पापुद्र्याने ते एकमेकांना धरून ठेवतात. भरतीला मात्र गाडी वरच्या कोरड्या, भुसभुशीत पट्ट्यात ढकलली जाते आणि एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला टेकडी अशी अडकते. ते टाळायला पुढच्या टेकडीवरच्या गवतावरून गाडी घालणं म्हणजे नव्या सँडब्लोला तोंड करून देणं. मऊ वाळूत टायरची हवा साधारण १८ पीएसआयपर्यंत उतरवतात. टायर पसरतो, जमिनीला टेकणारी लांबी वाढते आणि वजन वाटलं जातं. रुतल्यावर अॅक्सिलरेटर दाबत राहिलात तर चाक स्वतःचा खड्डा खणतं. थांबायचं, चाकांभोवतीची वाळू हाताने उपसायची, हवा आणखी थोडी कमी करायची आणि आपल्याच चाकोरीतून मागे यायचं. ओढे पुळण कापतात तिथे रातोरात हातभर उंचीची उभी पायरी तयार होते आणि लांबून ती दिसत नाही, त्यामुळे ओढा दिसण्याआधीच वेग कमी असावा. मुख्य भूमीवर परतल्यावर डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा भरून घ्यायची. कमी हवेवर वेगाने गेलं तर टायर तापून फुटतो.